मातेची सत्त्वपरीक्षा : महामारी आणि स्वयंचिकित्सा

कोरोनाच्या महामारीने आयुर्वेद घराघरांत पोहोचविला, हे वाक्य गेल्या काही वर्षांत आपल्या संमेलनांतून आणि परिसंवादांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्यावर टाळ्या वाजणे हा आता शिष्टाचाराचा भाग झाला आहे. वाक्य खोटे नाही. परंतु घराघरांत पोहोचलेला हा आयुर्वेद तिथे कोणाच्या हातांनी राबविला गेला, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. पहाटे उठून काढा उकळणारी, सासऱ्यांच्या खोलीत वाफेचे भांडे नेऊन ठेवणारी, मुलांच्या नाकात तेलाचे थेंब सोडणारी, हळदीचे दूध पिण्यासाठी त्यांची मनधरणी करणारी आणि सगळ्यांचे आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेला दाट काढा टाकून कसा द्यायचा म्हणून स्वतः पिऊन टाकणारी ती घरातील आई होती. घराची परिचारिका ती, औषधे करणारी ती आणि अनेक ठिकाणी वैद्यही तीच. तिची स्वतःची चिकित्सा कोण करीत होते? तीही तीच करीत होती आणि आजही बहुतेक घरांत तीच करीत आहे.

मातांच्या या स्वयंचिकित्सेकडे आपण अज्ञान म्हणून पाहतो, चार शब्द सुनावतो आणि नवे औषध लिहून देतो. माझे म्हणणे असे की ही स्वयंचिकित्सा पुष्कळदा स्वतःच एक लक्षण असते. तिच्या मागे न झालेली झोप असते, भीती असते, कोणी न विचारलेला विषाद असतो. तो ओळखण्याची रीत आपल्या शास्त्रात आहे. आपल्या व्यवहारातून मात्र ती गळाली आहे.

प्रथम काढ्याविषयी. ३१ मार्च २०२० रोजी आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसंबंधी ज्या सूचना प्रसृत केल्या, त्यांत तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावा असे म्हटले होते. पुढे एप्रिलमध्ये आलेल्या आयुष क्वाथात तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि मिरे एक भाग असे प्रमाण होते. मात्रा तीन ग्रॅम चूर्णाची, दीडशे मिलिलिटर पाण्यात. मंत्रालयाने प्रमाण दिले होते, मात्रा दिली होती. घरोघरी पोहोचेपर्यंत उरली ती फक्त द्रव्यांची नावे. मिऱ्यांची मूठ, सुंठीचा तुकडा, वर लवंगा, ओवा, गुळवेल. आणि दोनाऐवजी चार-पाच वेळा. ऋतू कोणता? चैत्र-वैशाख. देश कोणता? आमचा खानदेश. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हे आपणांस सांगावयास नको. ग्रीष्मात कटुरस आणि व्यायाम यांपासून जपावे हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या चिकित्सालयात मुखपाक, अम्लपित्त, मूत्रदाह आणि रक्तार्श घेऊन आलेल्या स्त्रियांची गर्दी झाली, ती विषाणूने नव्हे. देश, काल, मात्रा, सात्म्य यांचा विचार न करता दिलेले औषध औषध राहत नाही, असे म्हणणारे आपणच आणि भ्रमणध्वनीवरून एकच कृती शंभर जणांना पाठविणारेही आपल्यातलेच. एप्रिल २०२० मध्ये आयुष पद्धतींसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शिका आली होती खरी, परंतु रुग्णाला प्रश्न न विचारता कृती पाठवीत सुटणे तिच्यात कोठेही बसत नव्हते.

स्त्रिया रुग्णालयात का गेल्या नाहीत, असे काही व्यवसायबंधू आजही विचारतात. जळगावात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. मे-जून २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातील मृत्यूंचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होते. दहा जूनला शासकीय रुग्णालयातील स्वच्छतागृहात एका बेपत्ता वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनंतर सापडला. अधिष्ठातांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई झाली आणि वार्ता देशभर गेली. त्यानंतर रावेर-चोपड्यापासून पारोळ्यापर्यंतच्या घरांत ताप आला तरी तो सांगावयाचा नाही, असे जणू ठरूनच गेले. तपासणी झाली तर आपल्याला नेतील, मग तान्हे मूल कोणाजवळ ठेवायचे, ही भीती आईच्या बाबतीत दुहेरी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातील, दोन मुलांची आई असलेली रुग्णा दुसऱ्या लाटेच्या उतरणीला माझ्याकडे आली तेव्हा मी तिला घरातील सारी औषधे घेऊन यायला सांगितले होते. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. गुळवेलीच्या वट्या दोन कंपन्यांच्या, अश्वगंधेच्या कॅप्सूल, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या, दिराच्या पट्टीतून उरलेल्या अॅझिथ्रोमायसीनच्या दोन, कोणी दिलेली आयव्हरमेक्टिन, आम्लतेच्या गोळ्या, घरी केलेल्या चूर्णाची पुडी आणि रुमालात वेगळी बांधलेली झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. ही सारी औषधे ती एकाच आठवड्यात घेत होती. "इतके कशासाठी?" या प्रश्नाला तिने आपल्या अहिराणीत एवढेच उत्तर दिले : "मी पडनू ते घर कोन देखी?"

माझ्या मते या वाक्यात निदान आहे. हे भयाचे बोलणे आहे आणि ते भय स्वतःच्या मृत्यूचे नाही. आपण पडलो तर घर कोसळेल, म्हणून पडायचे नाही. पडायचे नाही म्हणून जे मिळेल ते घ्यायचे. अशा स्त्रीला "स्वतःच्या मनाने औषधे घेऊ नका" असे सांगून उपयोग काय? ती मान हलविते आणि घरी जाऊन पुन्हा तेच करते.

प्रसूतांची स्थिती याहून नाजूक होती. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. ती केवळ खर्चाची विभागणी नाही, ती एक चिकित्सा आहे. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल, धुरी, डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि मुख्य म्हणजे रात्री बाळ रडले तर उठणारी आई. मार्च २०२० च्या अखेरीस प्रवासी गाड्या थांबल्या आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. पोटापाण्यासाठी सुरतेच्या उधना-लिंबायत भागात स्थायिक झालेली खानदेशी कुटुंबे हजारोंनी आहेत. त्यांच्या लेकी-सुनांची माहेरे धुळे, शिंदखेडा, अमळनेर या बाजूला. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी हीच त्यांची माहेरची वाट होती. ती बंद झाल्यावर किती पोरी एका खोलीच्या घरात, कामावरून घरी बसलेल्या नवऱ्यासमोर, दुसऱ्या मुलाला सांभाळीत बाळंतीण झाल्या, त्याची गणती कोणी ठेवली नाही. राज्यातल्या राज्यातही सप्टेंबर २०२० च्या प्रारंभी ई-पासची अट उठेपर्यंत लेकीकडे जाणे सोपे नव्हते. लसीचे तसेच. जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झाले. स्तनदा मातांना अनुमती मिळाली १९ मे रोजी आणि गर्भिणींना २ जुलैला. मधल्या काळात एप्रिल-मेची ती भयंकर लाट येऊन गेली. घरातील सगळ्यांना लस आणि हिला काढा, असे कित्येक घरांत झाले.

आता शास्त्राकडे येऊ. सूतिकेविषयी आपल्या संहिताकारांनी दाखविलेली सावधगिरी इतर कोणत्याही अवस्थेपेक्षा कमी नाही. गर्भाच्या वाढीने धातू शिथिल झालेले, प्रवाहण आणि रक्तस्रावाने शरीर रिते झालेले, म्हणून तिचे व्याधी कष्टसाध्य, असा चरकाचा अभिप्राय आहे. काश्यपसंहितेत सूतिकारोगांची संख्या चौसष्ट दिली आहे. परंतु मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते सुश्रुताचे शारीरस्थानातील निदान. स्तन्य का आटते, याची कारणे देताना त्याने क्रोध, शोक आणि अवात्सल्य ही प्रारंभी घेतली आहेत. अवात्सल्य! आईला बाळाविषयी माया वाटत नाही, अशी अवस्था येऊ शकते, हे त्याने कोणताही दोषारोप न करता, एक कारण म्हणून नोंदवून ठेवले. आज ज्याला प्रसूतिपश्चात नैराश्य म्हणतात, त्यातील पुष्कळ स्त्रिया नेमके हेच सांगतात आणि सांगताना लाजेने अर्धमेल्या होतात. सुश्रुताचा हा एक शब्द त्यांना ऐकवला तरी किती हायसे वाटते, याचा अनुभव मी घेतला आहे.

आणि आपण काय करतो? दूध कमी झाले म्हणून सासू सुनेला घेऊन येते, किंवा येतही नाही, परस्पर दुकानातून शतावरी कल्प नेते. शतावरी निर्दोष आहे, स्तन्यजनन आहे, मीही ती देते. परंतु शोकाने आटलेल्या दुधाला शतावरी देताना शोकाची चौकशी करावयाची नाही, हे निदानपरिवर्जन कोणत्या जातीचे? दूध वाढले नाही की डबा बदलतो, मात्रा दुप्पट होते, मेथीचे लाडू वाढतात आणि "इतके खाऊनही हिला दूध नाही" हा आरोप त्या मुलीच्या माथी येतो. औषध चुकले नाही. प्रश्न विचारायचा राहिला.

आपल्या रुग्णपत्रकात दशविध परीक्ष्य भावांचा तक्ता असतो. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय. यांतील "सत्त्व" या रकान्यासमोर आपण काय लिहितो? "मध्यम". महाविद्यालयात असताना शंभर रुग्णपत्रकांत "मध्यम" लिहून आपण उत्तीर्ण झालो आणि पुढेही तेच चालू राहिले. नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला. सत्त्व मात्र रुग्णेच्या तोंडाकडे न पाहताच मध्यम. चरकाने अग्र्यांच्या यादीत रोग वाढविणाऱ्यांमध्ये विषादाला पहिला मान दिला आहे. तो विषाद शोधण्याची जागा हाच रकाना आहे.

हा आळस प्राणघातक का ठरू शकतो, ते काही द्रव्यांच्या संदर्भात सांगते. गुळवेलीचा वाद सर्वांना स्मरत असेल. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील सहा रुग्णांचा वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाल्याचे त्यांचे म्हणणे होते. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. वनस्पतीची ओळख नीट पटविली होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात तर नव्हती, हे ते आक्षेप रास्तच होते. आपल्या पत्रिकांतूनही त्यावर बराच संताप व्यक्त झाला. परंतु ज्यांनी संताप केला त्यांपैकी किती जणांनी बांधावरच्या निंबावरून ओरबाडून आणलेली वेल गुळवेलच आहे का, हे आपल्या रुग्णांच्या बाबतीत तपासले? किती दिवस घेता, सोबत आणखी काय घेता, पूर्वी कावीळ किंवा थायरॉइडचा विकार होता का, असे विचारले? वनस्पतीचा बचाव करताना रुग्ण दिसेनासा होता कामा नये.

अश्वगंधेचे प्रकरण मातांच्या दृष्टीने अधिक गंभीर मानते. ताण, थकवा, निद्रानाश यांसाठी तिचा खप महामारीत वाढला आणि तो ओसरलेला नाही. प्रसूतीनंतरच्या वर्षात काही स्त्रियांत थायरॉइड ग्रंथीचा दाह होतो. आधी धडधड, घाम, चिडचिड आणि पुढे मांद्य, उदासी, स्थूलता. अश्वगंधेने थायरॉइडचे स्राव वाढू शकतात हे आता माहीत झालेले आहे. म्हणजे धडधडीच्या अवस्थेतील बाळंतिणीने बलवर्धक म्हणून ती घेतली, तर आगीत तेल. गर्भिणीने तर स्वतःच्या मनाने ती घेऊच नये. ज्येष्ठमध हा खोकल्याचा सौम्य मित्र, पण दीर्घकाळ आणि अधिक मात्रेत रक्तदाब वाढवितो, पोटॅशियम घटवितो. थकव्याचे म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रिया पांडुग्रस्त आढळल्या; ज्या थकव्याला लोह हवे तिथे प्राशावर प्राश देऊन काय होणार?

आणि सर्पगंधा. झोपेसाठी, डोके शांत राहावे म्हणून सर्पगंधा घनवटी दुकानातून सर्रास नेली जाते. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचे कार्य ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि हे द्रव्य जगभर गेले, हा आपल्या अभिमानाचा विषय. त्याच दशकाच्या पुढे, तिच्यातील रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता येत असल्याच्या नोंदी झाल्या. त्या संबंधावर नंतर वाद झाले. तरीही विषादग्रस्त स्त्रीला, तेही स्तनपान देणाऱ्या, हे द्रव्य बिनचौकशी देणे मला मान्य नाही. रिसर्पिन दुधात उतरते. शिवाय घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासनी ओवा आणि भांगही आहे. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य दुकानदाराने बोलले तर समजू शकते. ते वैद्याच्या तोंडून ऐकू येते तेव्हा वाईट वाटते.

आधुनिक झोपेच्या गोळ्यांचे काय? अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. तरीही त्या रुमालात अर्धी पट्टी होतीच. याच्या उलट प्रकारही मी पाहते, ज्याची चर्चा होत नाही. मनोविकारतज्ज्ञाने दिलेली गोळी "दुधातून बाळाला जाईल" म्हणून आई स्वतःच एका दिवसात बंद करते आणि ब्राह्मीचे सरबत सुरू करते. हीदेखील स्वयंचिकित्साच. स्तनपान चालू असताना देता येतील अशी औषधे त्या शास्त्रात आहेत, ती देणारा तज्ज्ञ विचार करूनच देतो. ती बंद करण्याचा सल्ला आपल्यापैकी कोणी देत असेल, तर त्याची जबाबदारीही त्याने घ्यावी.

प्रश्न किती मोठा आहे, याचे आपल्या भाषाभगिनीच्या प्रदेशातील एक प्रमाण देते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता नैराश्यात असल्याचे आढळले आणि दारिद्र्य, नवऱ्याकडून होणारा छळ, मुलगी होणे ही कारणे ठळक दिसली. हे महामारीच्या किती तरी आधीचे चित्र. पुढे २०१७ मध्ये देशभरातील ३८ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण झाले, तेही २२ टक्क्यांवर येऊन थांबले. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या दर पाच बाळंतिणींत एक. आपल्या नोंदवहीत असे किती निदान आहे?

येथे एक आक्षेप येतो, तो मी अनेकदा ऐकला आहे. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविणे म्हणजे आयुर्वेदाची हार मान्य करणे, आपल्याकडे सत्त्वावजय आहे. सत्त्वावजय आहे, निश्चित आहे. चरकाने ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती आणि समाधी ही मानसदोषांची औषधे सांगितली, ती मी मानते. पण सत्त्वावजय म्हणजे मेध्य रसायनाची बाटली नव्हे. त्यासाठी रुग्णेसमोर बसावे लागते, ऐकावे लागते. ज्याच्याकडे पाच मिनिटे नाहीत त्याने सत्त्वावजयाचा दाखला देऊ नये. आणि काही अवस्था अशा आहेत की तिथे विलंब म्हणजे दोन जिवांशी खेळ. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हजारी एक-दोन स्त्रियांना उन्माद होतो. झोप उडते, असंबद्ध बोलणे, बाळाविषयी भलत्या शंका. आपल्याकडे याला "बाहेरचे" म्हणून भगताकडे नेतात. तिला त्याच दिवशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात पोहोचविणे, मग ते जळगावचे असो वा धुळ्याचे, हेच वैद्याचे कर्तव्य. जी स्त्री "मरून जावेसे वाटते" म्हणते, तिच्याबाबतही तसेच. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. केरळ शासनाने मातांच्या मनासाठी "अम्मा मनसु" नावाचा स्वतंत्र उपक्रमच चालविला. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" हे अभियान निघाले, तपासण्या झाल्या, चांगलेच झाले. मनाची तपासणीही तितक्याच तत्परतेने व्हावी.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. औषधांचे डबे मात्र घराघरांत तसेच आहेत आणि त्या काळात जन्मलेली मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत. म्हणून आपल्या संघटनेच्या सभासदांपुढे एक सूचना ठेवते. गर्भिणी, सूतिका किंवा लहान मुलाची आई, कोणत्याही तक्रारीसाठी आली तरी, तिला घरातील सर्व औषधे पुढच्या वेळी पिशवीत घालून आणावयास सांगावे आणि न रागावता ती पाहावीत. "सत्त्व" या रकान्यासमोर लिहिण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, हताश असते का? पूर्वी ज्यात मन रमायचे त्यात आता रमत नाही असे होते का? उत्तर होकारार्थी आले तर झोप, बाळाविषयीची माया आणि जगण्याची इच्छा यांविषयी पुढे बोलावे. हे सारे ती एकटी असताना विचारावे, कारण सासू किंवा नवरा शेजारी असताना बहुतेक स्त्रिया "सगळे ठीक आहे" एवढेच सांगतात. सोबत आलेल्यांना तेवढी पाच मिनिटे बाहेर बसवावे लागेल. त्यासाठी लागणारा बाक आपल्या सर्वांच्या चिकित्सालयात आहेच.